बंदूक हाती देण्याआधी

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात पहिली बंदूक येते ती जत्रेत. फळीवर ओळीनं लावलेले फुगे, पुढं आडवी बांधलेली दोरी. फुगेवाला गुडघ्यावर एअरगनची नळी मोडतो, तिच्यात छर्रा घालतो, खटकन बंद करतो आणि गर्दीच्या अंगानं फिरवत ती आपल्या हाती देतो. दहा वर्षांचं पोर असो की साठीचे आजोबा. नळीचं तोंड कुठं ठेवायचं, बोट कुठं ठेवायचं, हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. आंगणेवाडीच्या जत्रेत मी हे लहानपणापासून पाहत आले. त्या नळीसमोरून कडेवर लेकरू घेतलेल्या बायका सहज निघून जातात. महाराष्ट्रात आज गावोगाव नेमबाजीचे वर्ग निघताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण यातल्या बऱ्याच ठिकाणी बंदूक हाती देण्याची रीत अजून तीच आहे, आणि ती बदलावी म्हणून मी हे लिहिते आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, रेल्वेत नोकरीला असलेला. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक मिळवल्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूनं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. त्याच्या आधी तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं होतं. दोघीही कोल्हापूरच्या. अंजली भागवत आणि सुमा शिरूर तर त्याही आधीच्या. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तिच्या मुळाशी लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदित नेमबाजांची मोठी पायरी मानली जाते. एवढी परंपरा असलेल्या राज्यात एखादा सामान्य माणूस म्हणाला की मला पदक नको, पण बंदूक सुरक्षितपणे कशी हाताळायची ते शिकायचं आहे, तर त्याला नीट पत्ता सांगणारं कुणी नाही.

मी पुण्यात बँकेत नोकरी करते. गाव कुडाळ तालुक्यातलं. पंचेचाळिशी उलटल्यावर एअर पिस्तूल शिकायचं ठरवलं, ते भाचीमुळे. स्वप्नीलचं पदक टीव्हीवर पाहून तिनं हट्ट धरला, तिच्या आईबाबांना वेळ नव्हता, म्हणून मावशीनं चौकशी करायचं ठरलं. आणि चौकशी करता करता मावशीलाही शिकावंसं वाटू लागलं. त्या निमित्तानं शहरातल्या बऱ्याच जागा आम्ही दोघींनी पाहिल्या.

त्यातली एक सांगते. नाव सांगत नाही, कारण तशा जागा अनेक आहेत. व्यापारी इमारतीचं तळघर, भाड्यानं घेतलेलं. दारातून आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर पदकं आणि मंत्र्यांबरोबरचे फोटो. दहा मीटरची रेंज, सहा लेन, टार्गेटवर छान उजेड. पण स्वच्छतागृहाचं दार फायरिंग लाइनच्या पुढं होतं. लाइनच्या पुढं म्हणजे जिथून छर्रे जातात त्या बाजूला. आम्ही उभ्या होतो तेवढ्या वेळात एक लहान मुलगा भिंतीला घासत त्या दारातून बाहेर आला आणि शेवटच्या लेनवरच्या ताईनं हात खाली घेऊन त्याला वाट दिली. हात खाली घेतला. पिस्तूल टेबलावर ठेवलं नाही. आम्हाला रेंज दाखवणारे सर भले होते, बोलायला गोड होते. त्यांनी भाचीच्या हातात लगेच पिस्तूल दिलं आणि म्हणाले, "चल बेटा, एक मारून बघ, मजा येईल." तिनं पिस्तूल हातात घेताक्षणी तिचं बोट चापावर गेलं. जाणारच. चापाचा आकारच असा असतो की बोट आपोआप तिथं जातं. ते तिथं जाऊ न देणं, हे पहिलं शिकायचं असतं. तेच तिथं कुणी शिकवत नव्हतं.

मी त्यांना विचारलं, नवीन मुलांना सुरक्षिततेचं वेगळं शिक्षण देता का? ते म्हणाले, "मॅडम, ही एअरगन आहे, याला लायसनसुद्धा लागत नाही." हे वाक्य मला पुढं आणखी दोन ठिकाणी जसंच्या तसं ऐकायला मिळालं. लायसन लागत नाही हे खरं आहे. पण स्पर्धेच्या एअर पिस्तुलातून सुटलेला ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगानं जातो. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. परवाना हा कायद्याचा प्रश्न आहे, डोळा हा शरीराचा. पहिल्यातून सूट मिळाली म्हणून दुसऱ्याला काही सूट मिळत नाही.

अखेर आम्ही जिथं थांबलो ती रेंज दिसायला साधी आहे. पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात भाजून निघायला होतं. पदकांचं कपाट आहे, पण ते ऑफिसात, कोपऱ्यात. तिथले सर सैन्यातून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर टेबलावर पिस्तूल ठेवलं, नळी टार्गेटच्या दिशेनं. नळीतून एक नारिंगी दोरी आरपार गेलेली, मागच्या बाजूनं आत आणि पुढच्या तोंडातून बाहेर. याला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. सरांनी भाचीला विचारलं, "दोरी दोन्हीकडून दिसते का?" ती हो म्हणाली. "मग सांग, बंदूक भरलेली आहे की रिकामी?" ती म्हणाली, रिकामी. "कशावरून?" दोरी आरपार गेली म्हणजे आत छर्रा असूच शकत नाही, हे तिनं स्वतः शोधून सांगितलं. सर म्हणाले, "शाब्बास. आता दोरी नसेल तेव्हा बंदूक भरलेलीच असते. मी सांगितलं, रिकामी आहे, तरी भरलेलीच. तुझ्या बापानं सांगितलं तरी भरलेलीच. स्वतः उघडून बघेपर्यंत भरलेली."

त्या दिवशी एकही छर्रा उडाला नाही. त्या आठवड्यातही नाही. आम्ही रिकामं पिस्तूल टेबलावरून उचलायचं आणि परत ठेवायचं, एवढंच करत होतो. उचलताना नळीचं तोंड टार्गेटकडं, ठेवताना टार्गेटकडं, कुणी हाक मारली तरी टार्गेटकडं. सर मुद्दाम मागून हाक मारायचे. "ताई, जरा इकडं बघा." माणूस हाकेला वळतो तेव्हा मान, खांदा, हात सगळं एकदम वळतं आणि हातात जे आहे तेही वळतं. सर म्हणायचे, "मान वळवायची, हात नाही. आणि खरं म्हणजे मानही नाही. आधी खाली ठेवायचं, मग वळायचं." आणि दर थोड्या वेळानं एकच प्रश्न: "बोट कुठंय?" बोट चापाच्या बाहेर, चौकटीला लागून सरळ. नेम टार्गेटवर येईपर्यंत तिथंच. भाची घरी जेवताना चमचा धरला तरी तर्जनी सरळ ठेवायला लागली, तेव्हा तिच्या आईला काळजी वाटली. मला मात्र फार बरं वाटलं.

या "बोट कुठंय?"मागं पक्कं कारण आहे. माणूस दचकला की मूठ आपोआप आवळली जाते. तोल गेला, अडखळला तरी तसंच. एका हातानं काही घट्ट धरलं तर दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आखडतात. हे कुणाच्या हलगर्जीपणामुळे होत नाही, आपल्या शरीराची घडणच तशी आहे. बोट चापावर असेल तर त्या आवळण्यानं गोळी सुटते. बोट चौकटीवर सरळ असेल तर काहीही होत नाही. म्हणून "मी काळजी घेतो" या शब्दाला रेंजवर काही किंमत नसते. सवयीला किंमत असते. अमेरिकेतले जेफ कूपर यांनी जे चार नियम जगभर रुजवले तेही सगळे सवयीचेच आहेत: प्रत्येक बंदूक भरलेली समजा, जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्याकडं नळी नेऊ नका, नेम लागेपर्यंत बोट चापावर नको, आणि आपण कशावर नेम धरतोय, त्याच्या मागं काय आहे, हे पक्कं ओळखा. यातला एखादा नियम मोडला तरी बहुतेक वेळा बाकीचे माणूस वाचवतात. एकाहून जास्त मोडतात तेव्हा बातमी होते.

छर्रे सुरू झाल्यावर शिकायच्या गोष्टी आणखी वाढल्या. रेंजवर हुकूम चालतात. लोड म्हटल्याशिवाय छर्रा घालायचा नाही, स्टार्टशिवाय मारायचा नाही, आणि स्टॉप म्हटलं की नेम कितीही सुंदर बसलेला असो, बोट बाहेर. मग अनलोड, दोरी आरपार, पिस्तूल खाली, आणि सगळ्यांची पिस्तुलं तपासून झाल्यावरच कुणीतरी लाइन ओलांडायची. चाप ओढला आणि छर्रा गेलाच नाही, तर आत डोकावून बघायचं नाही, मागं वळून "सर, हे बघा ना" म्हणायचं नाही. नळी टार्गेटकडंच ठेवून मोकळा हात वर करायचा. पुढं .२२ ची रायफल हाती येते तेव्हा तर काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून किमान तीस सेकंद तसंच धरून थांबायचं असतं. ही तीस सेकंदं फार मोठी वाटतात, आणि म्हणूनच ती आधी शिकून ठेवावी लागतात.

ज्या गोष्टींकडं पालकांचं लक्षच जात नाही, त्या दोन आणखी सांगते. एअर पिस्तुलाखालची ती चकचकीत नळकांडी म्हणजे हवेचा सिलिंडर. त्यात २०० बार दाबाची हवा असते, गाडीच्या टायरातल्या हवेच्या जवळजवळ नव्वदपट. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सिलिंडर बनल्यापासून फार तर दहा वर्षं वापरता येतो आणि बनल्याची तारीख त्याच्यावर कोरलेली असते. रेंजवर गेलात तर ती तारीख वाचून बघा. जुनी पिस्तुलं हातोहात विकली जातात, पण त्यांचे सिलिंडर कुणी बदलले आहेत का हे कुणी बघत नाही. दुसरी गोष्ट शिशाची. छर्रे शिशाचे असतात, बोटांना काळपट लागतं. सराव झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, छर्रे तोंडात धरायचे नाहीत, आणि टार्गेटमागचा कचरा मुलांकडून झाडून घ्यायचा नाही. शिसं शरीरात साठत जातं आणि वाढत्या वयातल्या मुलांच्या मेंदूला ते जास्त बाधतं. आमच्या रेंजवर बेसिन दाराशीच आहे आणि सर तिथं उभे असतात. एका ठिकाणी मात्र लाइनवरच्या टेबलावर छर्‍यांच्या डबीशेजारी वडापाव ठेवलेला मी पाहिला आहे.

माझ्या ओळखीतले लोक आता मला विचारतात, मुलाला कुठं घालू? मी त्यांना नाव सांगण्याआधी म्हणते, जाऊन अर्धा तास नुसतं उभं राहा. फी विचारू नका, पदकं मोजू नका. उभे राहाल तिथून मुलं दिसतील असं बघा आणि त्यांच्या बोटांकडं लक्ष द्या. सराव थांबल्यावर पिस्तुलांत दोऱ्या दिसतात का? एखादं मूल नळी फिरवतं तेव्हा शिक्षक ओरडतो का, की हसून सोडून देतो? लाइनच्या पुढं जायला दार आहे का? शिक्षक बाहेर फोनवर बोलायला गेला तर मागं कोण बघतं? आणि मग एकच प्रश्न विचारा: माझं मूल पहिला छर्रा कधी मारेल? "आजच" असं उत्तर आलं, तर दुसरी जागा बघा. मुलाचा हिरमोड होईल, पण तो दोन दिवसांत निवतो. स्वतःची बंदूक घ्यायची घाई तर अजिबात करू नका. परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते, आणि पहिलं वर्ष क्लबच्या बंदुकीवर सहज निघतं.

मोबाइलचाही विषय इथं येतो. रेंजवर मुलं रील करतात, पिस्तूल कानशिलाजवळ धरून फोटो काढतात. आमच्या सरांचा नियम कडक आहे: फायरिंग लाइनवर फोन नाही, आणि पिस्तूल घेतलेला फोटो हवा असेल तर सर सांगतील तसा, नळी टार्गेटकडं, दोरी आत. एका पालकांनी यावरून वाद घातला आणि मुलाला काढून घेऊन गेले. सरांनी त्यांना थांबवलं नाही. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल वाटणारा आदर दुप्पट झाला.

आता कायद्याकडं. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांच्यात शिक्षणाची गोष्ट आहे. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यानं शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं पाहिजे, असं नियम सांगतात. त्यात काय शिकवायचं तेही लिहिलं आहे: सुरक्षित हाताळणी, गोळीबाराची पद्धत, शस्त्राची निगा, साठवण, वाहतूक, घर सुरक्षित कसं ठेवायचं. कागदावर हे उत्तम आहे. पण ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या, २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून तिच्यामागं हे शिक्षणही येत नाही. ही सूट रद्द करा असं मी म्हणत नाही, उलट ती टिकली पाहिजे. ती नसती तर परवान्याच्या फेऱ्या मारण्याइतका वेळ आणि ओळखी असलेल्या घरांतलीच मुलं या खेळात आली असती. पण बंदुकीला सूट दिली म्हणून जिथं ती शिकवली जाते त्या जागेलाही कुणी विचारू नये, हे बरोबर नाही. तळघरातली ती रेंज मांडताना कुणी अधिकारी येऊन तिचं ते दार बघून गेला असता, तर पहिल्याच भेटीत ते बंद करायला लावलं असतं.

पूर्वी सामान्य घरातल्या मुलांना बंदुकीची शिस्त लागायची ती एनसीसीत. अंजली भागवतही एनसीसीतूनच नेमबाजीकडं वळल्या. सैन्यातून आलेले उस्ताद .२२ रायफल हाती देण्याआधी कित्येक दिवस "जाँच शस्त्र", म्हणजे बंदूक उघडून तपासणं, करून घेत, आणि गोळ्या मिळत त्या मोजून. माझा थोरला भाऊ त्यात होता. पन्नाशी उलटली तरी आज त्याच्या हातात खेळण्यातली बंदूक दिली तर आधी ती छताकडं करून उघडून बघतो. असे उस्ताद निवृत्त होऊन गावोगाव बसले आहेत. तालुक्याच्या गावी नवशिक्यांना शिकवायला त्यांच्याइतकी योग्य माणसं दुसरी मिळणार नाहीत, आणि त्यांना कुणी बोलवत नाही.

आमच्या कोकणातली गोष्ट आणखी गंभीर आहे. तिथं अनेक घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत, माकडं आणि डुकरं भाताची, नारळाची, केळीची नासाडी करतात म्हणून. त्यातल्या पुष्कळ ठासणीच्या. आमच्या काकांची बंदूक आजोबांकडून आली. पडवीच्या आढ्याला दोन खिळ्यांवर आडवी असायची. मी लहान असताना काका म्हणायचे, "बंदुकीक हात लावू नको गो, भरलेली आसा." ती कायम भरलेलीच असायची. ठासणीची बंदूक एकदा दारू, छर्रे घालून गजानं ठासली की उडवल्याशिवाय रिकामी करणं कटकटीचं असतं. माकड आलं नाही तर भरलेली बंदूक तशीच आढ्याला लागते, दिवसच्या दिवस, खाली पोरं खेळत असतात. ठिणगी देणारी कॅप काढून ठेवली की झालं, अशी समजूत आहे. पण कॅप काढली तरी आतली दारू जात नाही, आणि पुढच्या वेळी ती कुणी ठासली होती, किती ठासली होती, हे आठवत नाही. मग तिच्यावर आणखी एक भरणा होतो आणि नळी फाटते. हे सगळं काकांना कधी कुणी समजावून सांगितलेलं नाही. परवाना नूतनीकरणाला ते जिल्ह्याच्या गावी जातात, अर्ज देतात, फी भरतात, परत येतात.

रात्रीच्या शिकारीत तर कूपर यांच्या चौथ्या नियमाचा, कशावर नेम धरतोय ते पक्कं ओळखण्याचा, रोज खून होतो. रानडुकराची शिकार परवानगीशिवाय करणं हा गुन्हा आहे, पण ती होते. डोक्याला बॅटरी, झाडीत सळसळ, आणि सळसळीवर गोळी. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात असंच झालं. डुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी आपल्याच गावच्या सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली. अशा बातम्या सिंधुदुर्ग, रत्नागिरीतूनही अधूनमधून येतात, आतल्या पानावर चार ओळी छापून जातात. पूर्ण दिसत नाही त्यावर गोळी मारायची नाही, एवढं एक वाक्य ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्याच्या हातून हे होत नाही.

हे फक्त रानातच होतं असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. ते कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. सुदैवानं ते बरे झाले. पैसा, परवाना, शहाणपण यांतलं काहीही अशा वेळी उपयोगी पडत नाही. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालच्या घरात काडतूस असेल आणि रिव्हॉल्व्हर नेमकं घोड्यावर पडलं, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणून तसं रिव्हॉल्व्हर बाळगणारे जुने लोक ते एक घर रिकामं ठेवत. ज्यांच्या घरात बापजाद्यांचं रिव्हॉल्व्हर आहे त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

माझ्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक रेंजची, एअरगनची असली तरी, नोंद करावी, वर्षातून एकदा जाऊन दारं, भिंती, सिलिंडर, हात धुवायची जागा बघावी, आणि पास झालेल्या जागांची यादी लोकांना दिसेल अशी लावावी. नवीन येणाऱ्याला पहिला छर्रा देण्याआधी रिकाम्या बंदुकीवरचं शिक्षण पूर्ण झाल्याची सही हवी, आणि ती सही करणारा शिक्षक राज्याच्या रायफल असोसिएशनकडून तपासून घेतलेला हवा. हे शिक्षण पदकासाठी आलेल्या मुलांपुरतं राहू नये. माझ्या वयाच्या बाईला, निवृत्त शिक्षकाला, ज्याच्या घरी वारसानं बंदूक आली आहे आणि जो तिला भितो अशा माणसालाही तिथं दार उघडं असावं.

आणि कोकणासाठी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. निवडणूक लागली की पोलीस परवान्याच्या बऱ्याच बंदुका जमा करून घेतात. शेतकरी पोलीस ठाण्यात बंदूक देतो, पावती घेतो, आणि निकाल लागल्यावर परत घ्यायला येतो. म्हणजे तालुक्यातले बरेच बंदूकधारी एकाच जागी, ठरलेल्या दिवसांत, स्वतःच्या पायांनी येतात. त्या परतीच्या दिवशी ठाण्याच्या आवारात एका निवृत्त उस्तादाला बसवा. अर्धा दिवस घ्या. ठासणीची बंदूक रिकामी कशी करायची, दारू कुठं ठेवायची, पोरांपासून कुलपात कशी ठेवायची, अंधारात का मारायचं नाही, एवढंच शिकवा. मालवणीत शिकवा. शिकून झाल्यावर पावती घ्या आणि बंदूक द्या. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे, म्हणजे नूतनीकरणाची वाट बघायची तर काकांसारख्या माणसाशी पाच वर्षांत एकदाच गाठ पडते. निवडणुका त्याहून लवकर येतात, ग्रामपंचायतीच्या, जिल्हा परिषदेच्या, विधानसभेच्या. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी येत्या निवडणुकीत एका तालुक्यापुरतं तरी हे करून बघावं. उस्ताद मी शोधून देते. आमच्याच पंचक्रोशीत मला अशी माणसं माहीत आहेत, आणि विचारलं तर ती चहापाण्यावर यायला तयार आहेत.